डोक्यावरचा हात

निरोप आला तेव्हा मी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. अक्काच्या चाळीतले एक शेजारी दारात येऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली, तेव्हाच मला कळलं. "बाई, रघूदादा गेला. वहिनींनी तुम्हांला घेऊन यायला सांगितलंय…" मी पेपर गोळा करू लागले. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई स्वभावानं फार प्रेमळ. त्या उठून जवळ आल्या, पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "कोण गं?" मी म्हटलं, "माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रघुनाथ. परळकडच्या एका मंडळातून हुतूतू खेळायचे." त्यांनी जरा आठवून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, म्हणजे ते? मंत्र्याच्या पायाशी वाकलेले? पेपरात फोटो आला होता ना?"

"हो, तेच," असं म्हणून मी पिशवी उचलली.

गिरगावातून डिलाईल रोडला जाताना रस्तोरस्ती बांबू उतरवलेले दिसत होते. नवं राज्य होणार म्हणून कमानी उभ्या राहत होत्या. कुणी खांबांना आंब्याचे टहाळे बांधत होतं, कुणी शिडीवर चढून पताका ओढत होतं. मला त्या बाईंचा राग आला नव्हता, आजही नाही. त्यांनी मुद्दाम काहीच म्हटलं नव्हतं. एका माणसाच्या सबंध आयुष्यातला एक क्षण त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे ओळखला होता. मला फक्त त्यांना विचारावंसं वाटलं, की तो फोटो ज्या सामन्यानंतर काढला, तो सामना कोणी जिंकला हो? गेल्या काही आठवड्यांत भेटायला आलेल्या कितीतरी जणांना मी हे विचारून पाहिलं आहे. फोटो सगळ्यांना आठवतो. सामना कुणालाच आठवत नाही.

भावोजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते अक्काला बघायला आले तेव्हा. आमचे वडील गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते, आणि भावोजींचं गाव आमच्या गावापासून खाडी ओलांडली की पलीकडे. गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, नोकरी, वर हुतूतू खेळतो, एवढीच माहिती होती. आईला हुतूतूचं काही कौतुक नव्हतं. चहाचा कप घेताना त्यांच्या नखांत तांबडी माती दिसली, तशी आईनं माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याही ते लक्षात आलं. "धुतले होते हो," ते म्हणाले, "पण ही जात नाही." मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "ही मास्तरीण होणार!" तेव्हा मी शाळेत शिकत होते. पुढे खरंच शिक्षिका झाले, पण त्यांची मास्तरीण मी त्याच दिवशी झाले.

ती माती का जात नाही, हे लग्नानंतर कळलं. गिरणगावातली जमीन काळी, कोळशाच्या कणांनी भरलेली. त्यांच्या मंडळाचं मैदान मात्र तांबडंलाल होतं. नवा खेळाडू मंडळात आला की त्यानं शिमग्याला गावी जायचं आणि येताना आपल्या शेतातली पिशवीभर माती आणायची. ती चाळून, मैदानात मिसळून, पाणी मारून चोपायची. मगच त्याला संघात घेत. बोटीवर लोक हसायचे, "मुंबईत काय माती मिळत नाय काय रे?" पण कित्येक वर्षं असं होत होत त्या लहानशा चौकोनात अर्ध्या कोकणातली माती एकत्र आली होती. मैदानात शिरताना आणि बाहेर पडताना वाकून चिमूटभर माती कपाळाला लावायची, हा नियम. मैदान आपलं असो की परक्याचं, खेळलो त्या जमिनीला वाकायचं. आणि मातीची बोटं कपड्याला पुसायची नाहीत, लाकडाला पुसायची. मैदानाच्या फाटकाचा खांब बोटं पुसून पुसून गेरूनं रंगवल्यासारखा झाला होता.

मी खेळातलं काही समजणारी नव्हे. पण अक्काबरोबर एकदा सामना बघायला गेले आणि भावोजी चढाईला निघाले, तेव्हा पुस्तकात वाचलेलं काहीतरी डोळ्यांपुढे घडतंय असं मला वाटलं होतं. घरी मोजकं बोलणारा हा माणूस तिथं हलक्या आवाजात हुतूतू म्हणत जायचा, जणू समोरच्याची समजूत काढतोय. दम वाढत नसे, घटत नसे. समोरचे त्या आवाजात सैलावले की मग तो हात कुठून आला ते कळायच्या आत दोघं बाद झालेले असत. माझ्या मागे बसलेले दोन गिरणीवाले बोलत होते.

"काय रे, झोपलाय काय हा?"

"गप. हा झोपवतो. थांब जरा…"

त्यांचा मैदानावरचा जोडीदार दत्ताराम. एकाच खाणावळीत जेवून दोघं मोठे झालेले. ही खाणावळ दत्तारामची आई चालवायची. नवरा गेल्यावर तिनं गिरणीतल्या एकट्या बाप्यांना जेवू घालून दोन मुलगे वाढवले, आणि त्या जेवणाऱ्यांत भावोजी होते. लग्नानंतरही मासळी चांगली आली की तिचा निरोप यायचा. दत्तारामचा धाकटा भाऊ बाळा याला भावोजींनीच हुतूतू शिकवलं. पोराचा दम मोठा होता. "माझ्यानंतर हा," असं भावोजी म्हणत.

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हटल्यावर आमच्या गिरगावात काय आणि परळ-लालबागमध्ये काय, एकाही घरात चूल शांतपणे पेटत नव्हती. गोळीबार झाला त्या दिवशी बाळा रस्त्याच्या तोंडाशी उभा होता. भावोजींनी आणि दत्तारामनं त्याला दाराच्या फळीवर घालून इस्पितळात नेलं… पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याची आई रडली नाही. जेवणाऱ्यांची ताटं वाढून झाल्यावर ती आत गेली आणि दार लावून घेतलं, असं अक्का सांगते.

त्यानंतर काही महिन्यांनी स्पर्धा होती. खेळायचं की नाही यावर मंडळात वाद झाला. शेवटी दत्तारामच म्हणाला, बाळाच्या नावानं खेळू. सगळे दंडाला काळ्या फिती बांधून उतरले. भावोजी कप्तान. अंतिम सामना दादरला होता, समोर मोठ्या कचेरीचा संघ, सगळे दांडगे. शेवटाकडे आमच्या बाजूला एकटे भावोजी उरले. अक्का आणि मी बायकांच्या बाजूला उभ्या होतो. अक्कानं माझं मनगट असं धरलं होतं की बोटांचे वळ उठले. भावोजी गेले, त्याच हलक्या आवाजात. दोघांना शिवले. परत वळताना तिसऱ्यानं घोटा धरला, चौथा पाठीवर पडला, आणि तरीही तो आवाज चालूच होता. मातीत कोपर रोवून ते इंच इंच सरकत आले आणि मधल्या रेघेवर त्यांची बोटं टेकली. मैदान उठलं. लोक रडत होते. गिरणगावातल्या मंडळानं तो कप पहिल्यांदाच जिंकला होता.

बक्षीस एक डॉक्टर देणार होते. ऐन वेळी गाडी आली आणि तीतून सरकारातले एक मंत्री उतरले. वयस्कर गृहस्थ, हातात काठी. लोकांत कुजबुज सुरू झाली, मग आरडाओरडा. आमच्या संघानं तिथल्या तिथं ठरवलं, की कप त्यांच्या हातून घ्यायचा नाही. हे सांगायला कप्तानानं जायचं. भावोजी गेले. हात जोडून म्हणाले, "साहेब, कप टेबलावरच राहू द्या. आम्ही हातात घेणार नाही." भावोजी वळले. टेबल मैदानाच्या रेघेला लागूनच मांडलं होतं. रेघ ओलांडायच्या आधी, जन्मभराच्या सवयीनं, ते मातीला वाकले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना वाटलं, पोरगा पाया पडतोय. त्यांचाही हात सवयीनंच पुढे झाला आणि भावोजींच्या डोक्यावर टेकला. तेवढ्यात फोटोवाल्यानं फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी पेपरात तो आला. खाली लिहिलं होतं, विजयी कप्तान मंत्रिमहोदयांचे आशीर्वाद घेताना.

मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. संघातल्या सगळ्यांनी समोर उभं राहून काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण फोटो पाहिल्यावर त्यांनाही फोटोतलंच आठवू लागलं. पाहिलेलं हलतं, पुसट होतं. छापलेलं रोज सकाळी तसंच्या तसं असतं. केशकर्तनालयात, चहाच्या दुकानात, गिरणीच्या फाटकावर तो कागद हातोहात फिरला. त्यात मधली रेघ नव्हती, घोटा धरणारा नव्हता, तो आवाज नव्हता. एक वाकलेली पाठ होती आणि तिच्यावर एक हात. आणि बाळाला जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

मंडळाच्या सभेत दत्तारामनं एकच प्रश्न विचारला. "मातीला वाकलास, मान्य. हात ठेवला तेव्हा झटकलास का नाय?"

"म्हातारा माणूस होता रे, दत्ता," भावोजी म्हणाले.

मग दत्तारामनं भिंतीवरचा भावोजींचा फोटो काढून अंगणात नेला आणि जाळला. कप आयोजकांना परत पाठवला. भावोजींना सांगितलं, पुन्हा या मैदानात पाय ठेवायचा नाही. ज्या माणसानं हे सांगितलं त्याच्या भावाचं रक्त भावोजींच्या सदऱ्यावर सांडलेलं होतं. ते काय वाद घालणार?

त्यानंतरची वर्षं मी जवळून पाहिली. नळावर बायका अक्काला म्हणत, "तुम्हांला बाई काय कमी, साहेबाचा हात आहे डोक्यावर!" अक्का हंडा भरून निघून यायची. मंडळाचं मैदान त्यांच्या चाळीच्या मागेच. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून सबंध दिसतं. पाळी सुटली की भावोजी गॅलरीत उभे राहून खेळ बघत. खालून कुणी वर बघितलं की आत येत. मोर्चा निघाला की जात, पण सगळ्यात शेवटच्या रांगेत. सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आले. सुटून आलेल्यांना हार घालायला लोक जमले होते. यांना हार घातला तो अक्कानं, घरी आल्यावर, हसत हसत. "वाकू नका हं," ती म्हणाली, "इथं फोटोवाला नाही, पण उगाच कशाला!" आणि ते इतके हसले की शेजारचे डोकावून गेले.

एका रविवारी दुपारी मी त्यांना म्हटलं, "भावोजी, मी लिहून देते. चारच ओळी. तुम्ही मातीला वाकला होतात, एवढंच. पेपरवाले छापतील."

ते गॅलरीत स्टुलावर बसले होते. "आणि हात?"

"त्याचं काय? तुम्हांला कुठं ठाऊक होतं ते हात ठेवणार म्हणून?"

"ठेवणार ते ठाऊक नव्हतं. ठेवला ते कळलं की." ते माझ्याकडे वळले. "मास्तरीण, तू लिहिशील की याला कळलंच नाही. ते खोटं. मला कळलं होतं. हात थरथरत होता जरा… माझा बाप गेला तेव्हा मी पाळण्यात होतो. डोक्यावर कुणी हात ठेवला की मी हलत नाही. त्या माणसाचं राजकारण मला पटत नाही. उद्या त्याच्या दारावर मोर्चा काढा, मी येतो. पण हात तो हातच ना? हे लिहिता येईल तुला?"

मी म्हटलं, "येईल."

"नको. बाळाची आई कुणाकडून तरी वाचून घेईल. तिला काय वाटेल? पोर गेलं माझं, आणि याला हाताची ऊब आठवते."

मी लिहिलं नाही. ते हयात असेपर्यंत लिहिलं नाही. आता का लिहिते आहे, ते पुढं येईलच.

मैदानावर जाणं बंद झाल्यावर काही दिवसांनी त्यांना एक नवी सवय लागली. गॅलरीत रॉकेलचा डबा कापून त्यात अक्कानं तुळस लावली होती. रोज कामाला निघताना ते त्या डब्याशी वाकत, चिमूटभर माती कपाळाला लावत आणि दाराच्या चौकटीला बोटं पुसत. चाळीत म्हणू लागले, रघू देवाला लागला. मलाही तसंच वाटलं. अक्का म्हणायची, माती गावाहून मागवली आहे. भावोजी एकदा म्हणाले, "गावची माती एवढी बारीक चाळलेली नसते." अक्कानं विषय वाढवला नाही.

छातीचं दुखणं हळूहळू वाढत गेलं. ज्या माणसाचा दम बघायला लोक लांबून यायचे, त्याला जिना चढताना मध्ये बसावं लागे. परळच्या इस्पितळात शेवटचे दिवस काढले. मी भेटायला गेले की बाहेर काय चाललंय ते विचारत. राज्य होणार हे नक्की झालं तेव्हा म्हणाले, "झालं एकदाचं. बाळाला सांगायला हवं होतं." आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

मंडळाचा रिवाज असा, की खेळाडू गेला की तिरडी फाटकाशी थांबवायची आणि संघातल्या मोठ्या माणसानं मैदानातली माती आणून कपाळाला लावायची. यांच्यासाठी ती आणतील का, हे त्या दिवशी चाळीत प्रत्येकाच्या मनात होतं. विचारलं कुणीच नाही. अक्कानं मात्र तिरडी उचलण्याआधी तुळशीच्या डब्यातली माती आणून त्यांच्या कपाळाला लावली. मग आम्ही दोघी गॅलरीत जाऊन उभ्या राहिलो. तिरडी फाटकाशी आली. माणसं थांबली. फाटक उघडं होतं आणि आत मधल्या रेघेवर दत्ताराम उभा होता. तो वाकला… निदान मला तसं वाटलं. मग तो सरळ झाला आणि तसाच उभा राहिला. पुढच्या खांदेकऱ्यानं वाट पाहिली. मग कुणीतरी म्हणालं, "चला." अक्का आत गेली.

दत्ताराम आला तो त्यानंतर काही आठवड्यांनी. नवं राज्य झालं होतं, कमानींवरची पानं वाळली होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, मंडळाची भिंत नव्यानं करतोय. आजवरच्या कप्तानांचे फोटो लावायचेत. रघूचा पाहिजे."

"तुमच्याकडे होता की."

"तो… जाळला ना मी."

"माझ्याकडे लग्नातला आहे. मुंडावळ्या बांधलेला. चालेल?"

दत्ताराम हसणार होता, पण हसला नाही. त्यानं खिशातून एक घडी काढली. तोच पेपरातला फोटो, पिवळा पडलेला. "हा एक आहे मैदानावरचा. मी ठेवला होता. राग जाऊ नये म्हणून ठेवला होता, वहिनी." घडी उलगडून तो म्हणाला, "म्हटलं, मंत्र्याला कापून टाकू. नुसता रघू राहील, मातीला वाकलेला. स्टुडिओवाल्याला दाखवला. तो म्हणतो, माणूस कापता येईल, पण हात राहतो. हात काढायचा तर रघूचं डोकं जातं."

अक्कानं तो फोटो हातात घेतला. इतक्या वर्षांत तिनं तो नीट पाहिला नसावा. बराच वेळ पाहत होती. "राहू दे मग हात," ती म्हणाली. "लावायचा तर सबंध लावा. नाहीतर मुंडावळ्यांचा न्या."

दत्ताराम गॅलरीकडे वळला. तिथं तो डबा होता. आयुष्यभर ज्यानं माती चाळली त्याला माती ओळखायला वेळ लागत नाही. त्यानं चिमूट घेऊन बोटांत चोळली. "वहिनी, ही आमच्या मैदानातली."

"हो."

"कुणी दिली?"

"तुमच्या आईनं. दरवर्षी पदरात बांधून आणते." अक्कानं सांगितलं. "पहिल्यांदा आली तेव्हा हे कामावर होते. म्हणाली, 'रघू पाय धरूक वाकलो नाय, माका ठाऊक आसा. आणि म्हाताऱ्याचो हात झटकलो असतो तर तो माजो रघू न्हय. ह्या मातीत माज्या बाळान आणलेली माती आसा. ती त्याका लागूक व्हयी.' तुम्हांला सांगू नको म्हणाली. तुम्हांला राग धरायला तरी काहीतरी हवं, म्हणाली."

दत्ताराम डब्याशी तसाच उभा होता. मी आत जावं की थांबावं, मला कळेना. मग तो वाकला, अगदी हळू, गुडघ्यावर हात टेकून, आणि माती कपाळाला लावली. सरळ झाल्यावर बोटं पुसायला लाकूड शोधू लागला. दाराची चौकट समोरच होती. तिच्यावर एका ठिकाणी बोटांचे तांबडे फराटे एकावर एक जमले होते. त्यानं तिथंच बोटं पुसली, अक्काच्या हातातला फोटो घडी न घालता घेतला, आणि जिना उतरून गेला.

तो फोटो भिंतीवर लागला की नाही, मला अजून कळलेलं नाही. मंडळात दोन मतं आहेत म्हणतात. पण बाळाच्या ज्या आईसाठी भावोजींनी मला थांबवलं होतं, तिला सगळं आधीपासूनच ठाऊक होतं, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. शाळा उघडली की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी सांगणार आहे, तो सामना कोणी जिंकला ते.

नव्या राज्याच्या निमित्तानं चाळीतल्या सगळ्या दारांना रंग दिला होता. अक्काचं दार तेवढं राहिलं होतं, सुतक म्हणून. परवा रंगारी राहिलेलं काम करायला आला. तो चौकटीवर ब्रश टेकवणार, तेवढ्यात अक्का आतून आली.

"एवढा तुकडा सोड."

"वहिनी, वाईट दिसेल. सगळं हिरवं नि मध्येच हे…"

"दिसू दे," अक्का म्हणाली.